पैलतीराची ओळ

हा तीर सोडला, नाव सोडली, वल्हं सोडलं, सोबतीचा हात सोडला, आणि पैलतीराला जो लागला त्याला वंदन. अर्थ एवढाच. पण जुन्या भाषेत ती ओळ लांबच लांब होती, वळणावळणाची, आणि बाबा ती एका दमात म्हणायचे. पहाटे खिडकीची काच अजून काळी असायची, पलीकडच्या सभागृहात लाकडी ठोकळा टक्‌टक्‌ वाजायचा आणि बाबांचा आवाज भिंतीतून झिरपत यायचा. पाणी झिरपतं तसा. ती तेव्हा एवढीशी. रजईत तोंड खुपसून ती बाबांबरोबर श्वास धरायची. बाबा सोडतील तेव्हाच आपण सोडायचा, असा तिचा तिनेच लावलेला खेळ. नाव सुटेपर्यंत सगळं ठीक चालायचं, वल्हं सुटलं की कानात गरगरायला लागायचं, आणि सोबतीचा हात सुटेपर्यंत तिचाच धीर सुटून ती फुस्सकन रजईबाहेर यायची. बाबा मात्र पुढे. नदी पुढे जाते तसे पुढे, न थांबता, थेट पैलतीराला. आई पलीकडून म्हणायची, हसू दाबून, ‘बुडालीस का गं आजपण?’

इतक्या वर्षांनी हे सगळं उसळून वर आलं ते एका बसचालकाच्या फोनमुळे. ती कान तपासायची. शहरातल्या एका दवाखान्याच्या तळमजल्यावर तिची खोली होती, आणि त्या खोलीत आणखी एक खोली, जाड दाराची, आत बाहेरचं काही ऐकू न येणारी. तिथे माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन, हातात बटण. बारीक शिट्टी ऐकू आली की दाबायचं. माणसं काचेपलीकडून तिच्याकडे बघत बसायची, परीक्षेला बसल्यासारखी, आणि बरीच जण ऐकू आलं नाही तरी दाबायची, कारण बहिरं ठरायचं कुणालाच नसतं. त्या दिवशी चालक आत बसला होता, त्याचा फोन बाहेर तिच्या टेबलावर. तो वाजला. वाजला म्हणजे त्यातून पाठ सुरू झाला. पाचपन्नास गळे, लाकडी ठोकळा, आणि तीच ओळ. तिचा हात यंत्रावर तसाच राहिला. हा तीर सुटला, नाव सुटली, वल्हं सुटलं, सोबतीचा हात सुटला, आणि गळे थांबले. सगळे. एकदम. तिला वाटलं फोन कटला. आणि मग शांतपणे, ठरवून, ते पुढे निघाले, पैलतीराला.

तिला ठेच लागली. पायाला नाही, श्वासाला. जिन्यात शेवटची पायरी आहे म्हणून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं छातीत काहीतरी रिकाम्यावर पडलं. आपण इतका वेळ श्वास धरून होतो हेही तिला तेव्हाच कळलं. चालक बाहेर आला तेव्हा तिने आलेख दाखवला, डाव्या कानाला इंजिनाने खाल्लंय म्हणून सांगितलं, आणि मग न राहवून विचारलं, मध्येच ते थांबतात ते का. चालकाचा चेहरा उजळला. तोच तर खरा पाठ, म्हणाला, बाकी शब्द कुणालाही येतील, पण तो विराम बुद्धापासून चालत आलाय, एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात. ‘बाई, तुम्ही बैठकवाल्या का? मग ऐका. तुमची अख्खी बैठक आमच्या त्या एका विरामात मावते.’ हे तो चिडवून म्हणाला, पण प्रेमाने. काउंटरवरच्या मावशी हसल्या. तीही हसली. हे वाक्य तिने या शहरात शंभर तोंडांतून ऐकलं होतं. विराम म्हणजे पाठ संपल्यावरची शांतता, असं ती धरून चालली होती. इतकी वर्षं. ओळीच्या पोटात, हातात आणि पैलतीरात, भोक पाडलेलं असेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

एकाच रस्त्यावर दोन सभागृहं. वर पाठवाले, खाली बैठकवाले, भिंतीकडे तोंड करून गप्प ध्यानाला बसणारे. पाठवाल्यांचं म्हणणं, बुद्धाची वाणी जशीच्या तशी तोंडात राखणं हीच साधना, एक मात्रा इकडची तिकडे झाली की सगळं गेलं. बैठकवाल्यांचं म्हणणं, शब्द हे बोट, चंद्र तिकडे, बोट चाटून काय होणार. भांडण कधी हातघाईवर आलं नाही, पण जिभा दोन्हीकडच्या तेज. वरचे म्हणत, खालच्यांचं भिंतीशी लग्न लागलंय, आणि संसार छान चाललाय कारण दोघंही बोलत नाहीत. खालचे म्हणत, वरच्यांना निर्वाण मिळालं तरी आधी ते त्याची उजळणी करत बसतील. या दोन सभागृहांच्या मध्ये तीसेक पावलांचा चढ होता, आणि तो चढ उतरून ती एकदा आली ती कायमची. वरच्यांच्या मुख्य पाठकऱ्याची एकुलती लेक. तेव्हा त्याची केवढी चर्चा झाली. खालच्यांनी तिला पहिल्याच दिवशी पुढची उशी दिली. साधक म्हणून दिली की जिंकलेला मोहरा म्हणून, हे तिने तेव्हा स्वतःला विचारलं नाही. तरुणपणी माणूस प्रश्न विचारतो ते सगळे दुसऱ्यांना.

ती का गेली, हे आता नीट सांगता आलं नसतं. तेव्हा मात्र तिच्याकडे चोख उत्तरं होती. पाठ म्हणजे बाबांचा आवाज आणि बाबांचा आवाज म्हणजे घर, आणि त्या घरात तिच्या स्वतःच्या आवाजाला बसायला जागा नव्हती, असं काहीतरी. बाबांशी वाद घालायची तिची हिंमत नव्हती. खरं तर वाद झालाच नसता, बाबा फक्त बघत राहिले असते, आणि तेच नको होतं. म्हणून तिने पहाटेची वेळ निवडली. पाठ चालू असताना पाठकरी उठत नाही, बोलत नाही, मान वळवत नाही. घराला आग लागली तरी ओळ पुरी करायची हा तिथला पहिला नेम. तिने त्या नेमाचाच आडोसा केला. बाबांचा आवाज भिंतीतून येत होता, आई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती, आणि ती बॅग उचलून सभागृहाच्या उघड्या दारासमोरून गेली. बाबा समोरच बसलेले. त्यांनी बघितलं. ती जिना उतरली, भराभरा, खाली रस्त्यावर कुठलीशी बस उभी होती, इंजिन धडधडत होतं. आपण समंजसपणे गेलो, तमाशा केला नाही, असं तिला बरीच वर्षं वाटत राहिलं. मग कधीतरी, कुठल्याशा साध्या दुपारी, पेशंटच्या कानात दिव्याने बघता बघता, तिला वाटलं की बांधून ठेवलेल्या माणसाच्या समोरून आपण चालत गेलो.

आई दोन्हीकडे ये-जा करायची. वरून डबा घेऊन खाली, खालून निरोप घेऊन वर. निरोप म्हणजे काय, तर शाल वापर, खोकला कसा आहे, एवढंच. कपड्यांच्या घड्या घालताना आई स्वतःशी काहीबाही जुळवायची आणि गुणगुणायची. कुणी ऐकलं तर लाजायची. आईच्या शेवटच्या आजारात लेक पलंगाच्या एका बाजूला बसायची, बाबा दुसऱ्या. बाबा आजाऱ्यासाठीचा छोटा पाठ म्हणायचे, पैलतीराची ओळ नसलेला, ती डोळे मिटून गप्प बसायची, आणि दोघांनाही वाटायचं आईला आपलंच पोचतंय. एका संध्याकाळी आई मध्येच पुटपुटली:

एक दिवा बोलतो गं, एक दिवा गं अबोल
दोहींमधी तेल माझं, त्याचं कुणा नाही मोल.

बाबांना त्या वेळीही कमी ऐकू येत असावं. ते पाठ म्हणतच राहिले. तिने ऐकलं, आणि ध्यान न मोडण्याच्या नादात उत्तर दिलं नाही. नंतर द्यायचं म्हणून ठेवलं. ते तसंच राहिलं.

आई गेल्यावर वर जाणं म्हणजे फळं नेणं, रक्तदाबाचं विचारणं, खुर्चीच्या कडेवर बसणं आणि पाठाची वेळ व्हायच्या आत उठणं. त्यामुळेच तिने विराम कधी ऐकला नाही. आणि चालकाच्या फोनवर तो ऐकला त्या संध्याकाळी तिच्या हातून चूक झाली. बैठकीला बसली, समोर पांढरी भिंत, आणि भिंतीत ती ओळ. हात सुटला, मग भोक. पुन्हा हात सुटला, पुन्हा भोक. जीभ पडलेल्या दाताच्या जागी जावी तसं मन तिथेच. बैठक सुटल्यावर चपला शोधता शोधता ती वकिलांना म्हणून गेली, ‘आमच्या वेळी हे असं नव्हतं हो. बाबा एका दमात म्हणायचे.’ वकील हे खालच्या सभागृहाचे चिटणीस. वकील ते कधीच नव्हते, दातांचे डॉक्टर होते. समोरच्याचं तोंड उघडं आणि त्यात आपली बोटं, अशा स्थितीत आयुष्यभर वाद घातल्यामुळे ते कधी हरले नव्हते, म्हणून ते नाव पडलेलं. त्यांची चप्पल हातातच राहिली. पुन्हा म्हणा, म्हणाले.

रविवारी सगळ्या पंथांची सभा होती. कुणाची साधना मुळापासून अखंड आली आहे याचा तिथे ठराव व्हायचा होता, आणि वरच्यांचं नाव जवळजवळ पक्कं होतं, त्या विरामावर. शब्द सगळ्यांकडे आहेत, विराम यांच्याचकडे. आता वकिलांना कळलं की जुना पाठ रोज ऐकलेलं, अजून जिवंत असलेलं माणूस त्यांच्याच उश्यांवर बसतंय. बाकीचे जुने सगळे गेले होते. त्यांनी तिला घरी फोन केला, दवाखान्यात गाठलं, काउंटरवरच्या मावशींच्या समोर गोड गोड बोलले. ती म्हणाली, बाबा आहेत ते माझे. वकील म्हणाले, ‘मी कुठं खोटं सांगा म्हणतोय? खरं सांगा, ताई. खरं सांगायचं नाही तर मग आपण तिथं भिंतीकडं तोंड करून बसतो कशाला?’ खरं सांगितलं तर ऐंशी ओलांडलेल्या त्या माणसाला सगळ्यांसमोर भेसळ करणारा ठरवायचं. नाही सांगितलं तर आपली इतक्या वर्षांची बैठक, जिच्यासाठी जिना उतरून आलो, ती कुठल्या तोंडाने बसायची. एकदा बांधलेल्या माणसासमोरून चालत गेलो, आता परत एकदा, या वेळी माइक घेऊन. त्या दिवसांत तिला दवाखान्यातल्या बंद खोलीचा मोह व्हायचा. पेशंट नसला की ती आत जाऊन बसायची, दार लावून. तिथे मात्र स्वतःच्या रक्ताचा आवाज येतो. हे ती पेशंटांना हसून सांगायची, की घाबरू नका, पूर्ण शांतता कुठेच नसते.

शनिवारी सकाळी वरून फोन आला. टिकटिक बोलत होता. टिकटिक म्हणजे बाबांचा थोरला शिष्य, ती गेल्यानंतर आलेला, आता त्याचेही केस पांढरे. सगळं आयुष्य ठोकळा वाजवण्यात गेलेलं, म्हणून टिकटिक. तो तिला ताई म्हणायचा आणि तिच्याशी बोलताना नेहमी जरा दुखावलेला असायचा, धाकट्या भावाने थोरल्या बहिणीवर रुसावं तसा. म्हणाला, बाबांना अलीकडे ठोकळाही ऐकू येत नाही, नजरेने ताल धरतात. उद्या लोक प्रश्न विचारणार, कानाचं मशीन हवं, आणि दुसऱ्या कुणाला कानाला हात लावू देत नाहीत. मग थांबून म्हणाला, ‘खाली काय चाललंय ते कानावर आलंय आमच्या. तुम्ही याल की नाही माहीत नाही. पण कान तुमच्या बाबांचे आहेत.’

ती गेली. पिशवीत दिवा, दोऱ्याला बांधलेले स्पंजचे बारके तुकडे, गुलाबी लगदा आणि तो भरायची पिचकारी. कानाचा साचा घ्यायचा म्हणजे आत स्पंज सरकवायचा, लगदा भरायचा, तो घट्ट होईस्तोवर थांबायचं. आज साचा घेऊन उद्याला मशीन तयार होत नाही, हे तिलाही माहीत होतं. साचा कारखान्यात गेल्यावर मशीन यायला आठवडा लागतो. उद्यासाठी तिने दवाखान्यातलं दाखवायचं मशीन आणलं होतं, रबरी टोपणाचं. साचा नंतर घेता आला असता. पण हातात काही काम असल्याशिवाय बाबांच्या एवढ्या जवळ बसायची तिला सवयच राहिली नव्हती.

मागची खोली तीच. पलंग, खुर्ची, खिडकीची काच. सभागृहाच्या दाराला आता पडदा होता आणि पडद्यापलीकडे उद्याची तयारी चालली होती, दबक्या आवाजात, ठोकळा हळू. बाबा खुर्चीत बसले होते, अंगाने निम्मे झालेले. आवाज मात्र तसाच, मोठा, भरीव, खोलीला न पेलणारा. बहिऱ्यांचं असं होतं, आपलाच आवाज ऐकू येत नाही म्हणून ते ओरडतात, आणि बाबांनी तर जन्मभर भिंतीपलीकडचं सभागृह भरलेलं. ते म्हणाले, बस. म्हणाले, बारीक झालीस. तिने दिवा लावून कानात बघितलं. म्हाताऱ्या माणसाचे कान, पातळ कातडी, केस, आत मोत्यासारखा पडदा. बाबांचं डोकं तिच्या खांद्याला लागत होतं आणि त्याला खोबरेल नाही, साबण नाही, नुसता ऊन लागलेल्या कापडाचा वास होता.

तिने विचारायचं ठरवलं होतं. त्यांच्यासमोर येऊन ती मोठ्याने म्हणाली, बाबा, पैलतीराच्या ओळीत तुम्ही थांबता. त्यांनी तिच्या ओठांकडे बघितलं. ‘थांबतो,’ म्हणाले. ‘पूर्वी नव्हता थांबत,’ ती म्हणाली. पडद्यापलीकडे जाईल म्हणून तिने आवाज खाली आणला, आणि त्यामुळे त्यांना ते ऐकू आलं की नाही कळेना. त्यांनी नुसता कान पुढे केला, घाल म्हणाल्यासारखा. तिने स्पंज सरकवला, लगदा भरला. एका वेळी एकच कान करायचा, हे ती शिकाऊ मुलींना बजावून सांगायची. माणूस घाबरतो. आज तिने दोन्ही भरले. का, ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कदाचित बाबांकडून उत्तर येणं तिला नको होतं.

बाबा दोन्ही कानांत गुलाबी गोळे घेऊन बसले. जरा विनोदीच दिसत होते. आईने पाहिलं असतं तर तोंडाला पदर लावला असता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे, आणि चोरून काही सांगायचं असावं तसे पुढे वाकले. ‘उद्या तुला बोलावलंय ना त्यांनी,’ ते म्हणाले. आपण कुजबुजतोय असं त्यांना वाटत होतं. आवाज निघाला तो घंटेसारखा. पडद्यापलीकडे ठोकळा एक ताल चुकला, पण पाठ चालू राहिला. हा तीर सुटला. नाव सुटली. तिला हात वर करता आला असता. ओठांवर बोट ठेवलं असतं तरी पुरलं असतं, ती खूण त्यांना लगेच समजली असती, तिच्याकडून तर नक्कीच. तिचा हात उचललाही गेला होता. वल्हं सुटलं. सोबतीचा हात सुटला, आणि पलीकडचे सगळे गळे थांबले, नेमाने, रोजच्यासारखे. त्या शांततेत बाबांचा श्वास आत गेलेला तिने ऐकला. तिने हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला.

‘सांग त्यांना,’ बाबा म्हणाले. ‘नव्हतंच तिथं काही. बुद्धाचं नाही, माझ्या गुरूंचं नाही. तू बॅग घेऊन दारापुढून गेलीस त्या दिवशी मी तिथं होतो, त्या ओळीत. नेम मोडायचा ठरवला मी. थांबलो. तुला हाक मारणार होतो.’

पडद्यापलीकडे कुणी ओळ पुढे उचलली नाही. ठोकळा वाजला नाही. पडद्याखाली टिकटिकची पावलं येऊन उभी राहिलेली तिला दिसली, आणि ती तिथेच उभी राहिली. बाबांना यातलं काही ऐकू येत नव्हतं. ते तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलत नाहीत असं पाहून ते आणखी पुढे सरकले, आणि एक हात तिच्या गुडघ्यावर आणि दुसरा स्वतःच्या गळ्यावर ठेवून, त्यांच्या लेखी अगदी हळू, म्हणाले:

‘हाक निघालीच नाही गं. इथपर्यंत आली आणि तू जिना उतरलीस. मग मी ओळ पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी तिथं आलो, तर परत ती इथंच. मागचे लोक पण थांबायला लागले. त्यांना वाटलं, मोठं काही आहे. मी म्हटलं, वाटू दे. आहेच की. रोज पहाटे मी तिथं तुला बोलवतोय.’